जँगोच्या सेटिंग्ज फाइलमधून लॉगिंग कसं लावायचं, आणि ते सर्व्हरवर गप्प का होतं?

जँगो (पायथनमधली वेब फ्रेमवर्क) वापरताना तुमची अडचण दोन भागांत आहे. लॅपटॉपवर लॉग दिसतात, पण सर्व्हरवर 'डीबग' फॉल्स केलं की ५०० एररचासुद्धा (सर्व्हरवर कोड फसला की येणारी) मागमूस लागत नाही. आणि तयार 'लॉगिंग' डिक्शनरी सेटिंग्जमध्ये टाकली, तर काही ओळी दोनदा येतात, काही येतच नाहीत. दोन्हींचं मूळ एकच: कोणता हँडलर (नोंद बाहेर लिहिणारा) कोणत्या लॉगरला (नोंद घेणारा) चिकटलाय, हे डिक्शनरीत दिसतं त्याहून वेगळं असतं. (सेटिंग्जमधली नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये ती मूळ रोमन अक्षरांतच टाका.)

आधी गप्प का होतं ते पाहू. तुम्ही काही लिहिलं नाही तरी जँगो स्वतःचं लॉगिंग लावून घेतो. त्यात 'जँगो' नावाच्या लॉगरला दोन हँडलर असतात, एक कन्सोलचा आणि एक ॲडमिनला मेल पाठवणारा. कन्सोलच्या हँडलरवर 'रिक्वायर डीबग ट्रू' हा फिल्टर बसवलेला असतो, त्यामुळे डीबग बंद झालं की तो एकही ओळ सोडत नाही. मेलवाला फक्त एरर आणि त्यावरच्या नोंदी घेतो, आणि 'ॲडमिन्स' ही सेटिंग रिकामी असेल तर पाठवायला पत्ताच नसतो. म्हणजे एरर घडते, नोंद होते, आणि ती कुठेच पोचत नाही. तुमच्या ॲपमधल्या 'इन्फो' ओळींचं कारण वेगळं आहे. रूट लॉगरची (सगळ्या लॉगरच्या वरचा) मूळ पातळी 'वॉर्निंग' असते, आणि पातळ्या खालून वर डीबग, इन्फो, वॉर्निंग, एरर अशा चढतात, म्हणून त्या तिथेच गळतात.

आता डिक्शनरी. 'व्हर्शन' ला १ द्या, दुसरी कुठलीही किंमत चालत नाही. त्यानंतरची ओळ सगळ्यांत महत्त्वाची: 'डिसेबल एक्झिस्टिंग लॉगर्स' फॉल्स. ही ओळ लिहिली नाही तर पायथन तिची किंमत ट्रू धरतो आणि आधी तयार झालेले, डिक्शनरीत स्वतःचं किंवा वरच्या लॉगरचं नाव नसलेले लॉगर बंद करून टाकतो. डिक्शनरीत 'जँगो' नसेल तर 'जँगो.रिक्वेस्ट' हा त्यातलाच एक, आणि ५०० एररचा ट्रेसबॅक (एरर कुठून आली ते दाखवणाऱ्या ओळी) त्याच्याच हातात असतो. कुठलीही चूक न दाखवता ट्रेसबॅक नाहीसे होतात, ते बहुतेक वेळा इथेच.

हँडलर सुरुवातीला एकच ठेवा: 'लॉगिंग.स्ट्रीमहँडलर'. तो स्टँडर्ड एररवर लिहितो. तो फक्त 'रूट' ला जोडा आणि रूटची पातळी वॉर्निंग ठेवा. मग 'लॉगर्स' मध्ये दोनच नोंदी करा: 'जँगो' ची पातळी इन्फो, आणि तुमच्या ॲपचं नाव, समजा 'ऑर्डर्स', त्याची पातळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून. या दोघांना हँडलर देऊ नका. त्यांच्या नोंदी वर चढत रूटपर्यंत जातात आणि तिथे एकदाच छापल्या जातात.

'जँगो' चं नाव लिहायला का सांगतोय? तुमची डिक्शनरी लागू होण्याआधी जँगोची स्वतःची लागू झालेली असते. तुम्ही त्या लॉगरचा उल्लेखच केला नाही, तर त्याचा जुना कन्सोल हँडलर तसाच राहतो आणि तीच ओळ रूटकडेही जाते. डीबग चालू असताना प्रत्येक ओळ दोनदा दिसते ती यामुळे. नाव नुसतं लिहिलं तरी जुने हँडलर काढले जातात. मात्र त्यात मेलवालाही जातो. एररची मेल हवी असेल तर 'जँगो.युटिल्स.लॉग.ॲडमिनईमेलहँडलर' स्वतः मांडा, पातळी एरर ठेवा आणि 'जँगो' लॉगरला जोडा. 'जँगो' चं नाव लिहिलं की त्याच्या खालच्या 'जँगो.सर्व्हर' चाही जुना हँडलर जातो. रनसर्व्हरच्या (जँगोचा विकासासाठीचा सर्व्हर) ओळीही मग वर जातात आणि रूटकडून छापल्या जातात.

पातळीबद्दल एक गैरसमज फार आढळतो. नोंद ज्या लॉगरवर केली त्याची पातळी एकदा तपासली जाते, आणि नंतर प्रत्येक हँडलरची. वाटेतल्या वरच्या लॉगरची पातळी पाहिलीच जात नाही. म्हणून रूटवर वॉर्निंग असूनही 'ऑर्डर्स' ची डीबग ओळ रूटच्या हँडलरमधून बाहेर पडते. ती अडवायची असेल तर 'ऑर्डर्स' ची पातळी वाढवा, नाहीतर हँडलरला पातळी द्या. लॉगरला स्वतःची पातळी नसेल तेव्हाच ती वरून घेतली जाते.

नावही नीट जुळलं पाहिजे. कोडमध्ये लॉगर मॉड्यूलच्या नावाने घेत असाल आणि ॲप 'ॲप्स' या फोल्डरच्या आत असेल, तर खरं नाव 'ॲप्स.ऑर्डर्स.व्ह्यूज' असतं. सेटिंग्जमध्ये नुसतं 'ऑर्डर्स' लिहिलं तर ते कशालाच लागू पडत नाही, आणि एररही येत नाही. एन्व्हायर्नमेंटमधून आलेली पातळी मोठ्या अक्षरांत करून घ्या. लहान अक्षरांतलं 'डीबग' दिलं तर प्रोसेस सुरूच होत नाही.

फॉरमॅटमध्ये वेळ, पातळी, प्रोसेस क्रमांक, लॉगरचं नाव आणि संदेश एवढं पुरतं. महिरपी कंस वापरत असाल तर 'स्टाइल' मध्येही तसाच कंस द्यावा लागतो. पायथन ३.८ पासून ही चूक चालू होतानाच पकडली जाते.

आता फाइलमध्ये लिहिण्याचं. माझं मत स्पष्ट आहे: गनिकॉर्न (जँगो ॲप चालवणारा सर्व्हर) सिस्टमडीखाली (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारी व्यवस्था) चालत असेल तर फाइल नको. स्टँडर्ड एररवर लिहा आणि जर्नलसीटीएलने (सिस्टमडीचे लॉग, म्हणजे जर्नल, दाखवणारी आज्ञा) वाचा. 'रोटेटिंगफाइलहँडलर' (फाइल भरली की ती फिरवणारा, म्हणजे नाव बदलून बाजूला ठेवणारा आणि नवी सुरू करणारा) एकाच प्रोसेससाठी बनलेला आहे. गनिकॉर्नचे चार वर्कर (वेगवेगळ्या प्रोसेस) असले तर चौघांनी तीच फाइल वेगवेगळी उघडलेली असते. एकाने ती भरली म्हणून नाव बदलून बाजूला ठेवली, तरी बाकीचे तिघे त्याच जुन्या फाइलमध्ये लिहीत राहतात, आणि मग आपापल्या वेळी तेही नाव बदलायला जातात. जुन्या प्रती एकमेकांवर चढतात आणि नोंदी हरवतात. विंडोजवर तर उघडी फाइल हलवताच येत नाही, म्हणून 'परमिशन एरर' येते. तिथे रनसर्व्हरसुद्धा ऑटोरीलोडसाठी दोन प्रोसेस चालवतो, तेवढंही पुरतं.

फाइल हवीच असेल तर लिनक्सवर 'वॉच्डफाइलहँडलर' घ्या आणि फाइल फिरवण्याचं काम लॉगरोटेट या लिनक्सच्या साधनाला द्या. हा हँडलर प्रत्येक नोंदीआधी फाइल बदलली का ते पाहतो आणि बदलली असेल तर नवी उघडतो. एकच प्रोसेस असेल तर रोटेटिंग चालेल: 'मॅक्सबाइट्स' १०४८५७६० म्हणजे १० एमबी, 'बॅकअपकाउंट' ५, मिळून जास्तीत जास्त सुमारे ६० एमबी. बॅकअपकाउंट द्यायचं राहिलं तर ते शून्य धरलं जातं, फाइल कधीच फिरत नाही आणि डिस्क भरेपर्यंत वाढते.

'अनेबल टू कॉन्फिगर हँडलर' अशी एरर आली तर शेवटच्या ओळीवर थांबू नका, वरचा ट्रेसबॅक वाचा. खरं कारण तिथे असतं. एक तर फोल्डर नसतं, कारण हँडलर फाइल बनवतो, फोल्डर नाही. किंवा मालकीचा घोळ असतो: डिप्लॉय करताना मायग्रेशन रूट यूजरने चालवलं, लॉग फाइल रूटच्या नावावर तयार झाली, आणि नंतर गनिकॉर्न दुसऱ्या यूजरने उठला तर त्याला ती उघडता येत नाही. मॅनेज.पीवायची प्रत्येक आज्ञा सर्व्हिसच्याच यूजरने चालवा.

आपल्याकडे हमखास लागणारी गोष्ट: फाइल हँडलरला 'एन्कोडिंग' 'यूटीएफ-८' द्याच. विंडोजवर ते दिलं नाही तर ग्राहकाचं नाव किंवा पत्ता मराठीत आला की ती ओळ लिहिली जात नाही. स्टँडर्ड एररवर 'लॉगिंग एरर' येते आणि ॲप पुढे चालत राहतं. नेमकी मराठी नोंदीच गायब आहेत, हे मग कोणाच्या लक्षात येत नाही.

वेळेचंही असंच. नव्या प्रोजेक्टमध्ये 'टाइम झोन' यूटीसी असतो, आणि लिनक्सवर जँगो प्रोसेसचं घड्याळही त्याच झोनवर लावतो. सर्व्हर भारतीय वेळेवर असेल तर एनजिनएक्सचा (गनिकॉर्नच्या पुढे ठेवलेला वेब सर्व्हर) लॉग आणि तुमचा लॉग यांत साडेपाच तासांचा फरक पडतो. 'एशिया/कोलकाता' ठेवा किंवा दोन्हीकडे यूटीसी ठेवा, पण एकच ठेवा.

शेवटी तपासणी, आणि ती सर्व्हरवरच, डीबग फॉल्स असताना करा. मॅनेज.पीवाय शेल उघडा, 'ऑर्डर्स' चा लॉगर घ्या आणि 'गेटइफेक्टिव्हलेव्हल' विचारा: १० म्हणजे डीबग, २० इन्फो, ३० वॉर्निंग. मग 'डिसेबल्ड' पाहा. ट्रू असेल तर 'डिसेबल एक्झिस्टिंग लॉगर्स' फॉल्स ही ओळ राहिलीय. मग रूटची 'हँडलर्स' यादी पाहा, तिथे एकच हँडलर दिसायला हवा. त्यानंतर त्याच लॉगरवरून एक इन्फो ओळ टाका. ती लगेच शेलमध्येच उमटली पाहिजे. खऱ्या सर्व्हिससाठी मुद्दाम एक एरर देणारा तात्पुरता व्ह्यू लावा, ब्राउझरमधून एकदा उघडा, जर्नलमध्ये पूर्ण ट्रेसबॅक एकदाच आलाय का पाहा, आणि तो व्ह्यू काढून टाका.