बोकडाच्या कलेजीत एसीसी काहून शोधता?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. दारव्ह्याच्या बाजारातून आणलेली बोकडाची कलेजी, वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं जेलवर आकारानं वेगळी करून, पडद्यावर उतरवून अँटिबॉडीनं शोधायची रीत), तिच्यावर असेटिल-कोए कार्बोक्सिलेजची, म्हणजे चरबी बनवायला लागणाऱ्या एसीसी या एन्झाइमची अँटिबॉडी, आणि एसीसीच्या आकाराच्या जागी, २६५ किलोडाल्टनला, पट्टाच नाही. पार्सल मे महिन्यात आलं, आतला बर्फ वितळला होता, म्हणून अँटिबॉडी गेली असं तुम्ही धरून चाललात. मला नाही तसं वाटत. ग्लिसरॉलमधली अँटिबॉडी एक-दोन दिवसांच्या गरमीनं सहसा मरत नाही. माझा संशय बोकडावर आहे.

रवंथ करणाऱ्या जनावराचं यकृत चरबी फारशी बनवतच नाही. पोटातले जंतू पाल्याची आम्लं करून टाकतात, साखर रक्तात जेमतेम पोचते, म्हणून यकृत सदा साखर घडवण्यातच गुंतलेलं. चरबी बनते ती चरबीच्या पेशींत, असिटेटपासून. पुस्तकात उंदराचं यकृत असतं, आपण जातो खाटकाकडे. मीही यात दोन महिने घालवले आहेत.

कोंबडीचं उलट. तिची चरबी मुख्यतः यकृतातच तयार होते. बॉयलरवाल्याला सांगा, दाणा खाल्लेली पाहिजे. उपाशी ठेवली की एसीसी घटतं. कलेजी लगेच बर्फात ठेवा. अँटिबॉडीच्या माहितीपत्रकात कोंबडी आहे का, तेवढं बघून घ्या.

नसली तरी अडत नाही. एसीसीला बायोटिन जोडलेलं असतं, आणि बायोटिन बोकडात काय, कोंबडीत काय, एकच. स्ट्रेप्टाविडिन म्हणजे बायोटिनला घट्ट चिकटणारं प्रथिन; अँटिबॉडीऐवजी एचआरपी (पट्टा दाखवणारं एन्झाइम) जोडलेलं तेच सरळ लावा. ब्लॉकिंगला, म्हणजे पडद्याच्या रिकाम्या जागा झाकायला, दूध नको, त्यातही बायोटिन असतं, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या. १३० च्या आसपास पायरुवेट कार्बोक्सिलेज हे बायोटिनवालंच दुसरं एन्झाइम दिसेल, ते साखर घडवण्याच्या कामातलं, बोकडातही असतंच.

दोन्ही कलेज्या एकाच जेलवर चालवा. कोंबडीत २६५ चा पट्टा आला आणि बोकडात नाही, तर अँटिबॉडीला उगाच बोल लावला. कोंबडीतही नुसता १३० आला, तर मोठं प्रथिन जेलमध्येच अडकलं. मग ६ टक्क्यांचं जेल, मिथेनॉल १० टक्क्यांवर, थंडीत ३० व्होल्टला रात्रभर ट्रान्स्फर, म्हणजे जेलमधून पडद्यावर उतरवणं. आणि पॉवरपॅक इन्व्हर्टरवर जोडा बाप्पा! आमची लाइन एकदा रात्री दीडला गेली, ती सकाळीच आली.