पूर्वी आयर्लंडच्या खेड्यांत लग्नं कशी होत?

मला सगळ्यांत भावते ती 'स्ट्रॉबॉइज'ची प्रथा. लग्नघरी रात्री नाच रंगात आला की गावातली न बोलावलेली पोरं दारात उभी राहायची. डोक्यावर पेंढ्याचे विणलेले उंच, शंकूसारखे मुखवटे. कोण आहे ते ओळखूच यायचं नाही. त्यांचा म्होरक्या नवरीला नाचायला न्यायचा, मग दारू पाजून त्यांना मानाने निरोप. त्यांचं येणं शुभ मानत. पश्चिमेकडे, क्लेअर-मेयो भागात, हे विशेष चाले आणि काही ठिकाणी लोक आजही हौसेने जपतात.

लग्न जमवायचा मध्यस्थ. मुलीकडचे आधी मुलाची जमीन, गुरं पाहून येत, मग हुंड्याची घासाघीस. (हो, हुंडा तिथेही होता, आणि तो पुष्कळदा नवऱ्याच्या बहिणीला उजवण्यात खर्ची पडे.)

लेंटच्या ४० दिवसांच्या उपवासकाळात चर्च लग्न लावत नसे, म्हणून त्याच्या आदल्या मंगळवारी लग्नांची झुंबड उडे. तरीही जे बिनलग्नाचे राहत, त्यांच्या कोटावर लेंटच्या पहिल्या रविवारी पोरं खडूने रेघा ओढत. त्या दिवसाचं नावच 'चॉक संडे'. प्रार्थनेला आलेल्यांना सगळ्यांदेखत हे सोसावं लागे, याचं मला फार वाईट वाटतं.