अपलोड मध्येच तुटलं तर तिथूनच पुढे कसं सुरू करायचं?

८०० एमबीचा व्हिडिओ ९० टक्क्यांवर अडकतो आणि पुन्हा शून्यापासून, हे तुमचं दुखणं. स्वतःची पद्धत शोधत बसू नका, ‘टस’ (tus) हा तुटलेलं अपलोड पुढे चालू करण्यासाठीचा खुला प्रोटोकॉल वापरा. नोड, गो, पायथन सगळ्यांसाठी तयार लायब्ररी आहेत.

आधी एचटीटीपीच्या पोस्ट विनंतीत फाइलचा एकूण आकार सांगायचा, सर्व्हर २०१ (‘तयार झालं’) या कोडसोबत त्या अपलोडचा पत्ता देतो. मग पॅच विनंतीने बाइट्स पाठवायचे. नेट गेलं, परत आलं, की हेड विनंती करून विचारायचं, ‘किती पोचलं?’ उत्तर ‘अपलोड-ऑफसेट’ हेडरमध्ये येतं, तिथून पुढे पाठवायचं. ऑफसेट, म्हणजे किती बाइट्स पोचले तो आकडा, जुळला नाही तर सर्व्हरने ४०९ हा एरर कोड द्यायचा, इथे अजिबात ढिलाई नको, नाहीतर फाइल गुपचूप खराब होते.

मी खरा अडकलो होतो तो एनजिनएक्सपाशी, म्हणजे ॲपच्या पुढे बसणाऱ्या वेब सर्व्हरपाशी. तो मुळात अख्खी विनंती स्वतःकडे साठवून मगच ॲपकडे देतो. जोडणी मध्येच तुटली की त्या विनंतीतलं काहीच ॲपपर्यंत पोचत नाही, ऑफसेट जागचा हलत नाही. त्याच्या सेटिंगमधलं ‘प्रॉक्सी_रिक्वेस्ट_बफरिंग’ बंद करा. ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ’ची, म्हणजे एका विनंतीच्या आकाराची मर्यादाही मुळात १ एमबीच असते, तीही वाढवा.

अर्धवट राहिलेल्या फाइल्स ठरावीक दिवसांनी पुसणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) आजच लावा. डिस्क भरते तेव्हा सगळ्यांचेच अपलोड थांबतात.