आधी नीट थांबू दे, मग पळू दे: जुन्या अमेरिकन मसल कारबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी माझ्या १९६९ च्या शेव्हर्ले शेव्हेलबद्दल लिहिलं आणि त्यानंतर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, मसल कार म्हणजे साठच्या दशकातली अमेरिकन दोन दारांची गाडी, जिच्यात मोठ्या गाडीचं व्ही८ (आठ सिलिंडरचं) इंजिन बसवलेलं असायचं. पाँटिअ‍ॅकने १९६४ ला जीटीओमध्ये ३८९ क्युबिक इंचाचं इंजिन टाकलं आणि मग सगळ्याच कंपन्या त्या नादाला लागल्या. आणि रिस्टोमॉड म्हणजे बाहेरून तीच जुनी गाडी, पण आतून इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स, वायरिंग, एसी सगळं आजचं. मी इथे मिशिगनमध्ये नोकरी सांभाळून हे करतो, घरच्या गॅरेजमध्ये, त्यामुळे जे हाताने केलंय तेच सांगतोय.

नमस्कार सर, पेनसिल्व्हेनियात १९६९ ची शेव्हेल बघितलीये. ग्रिलवर एसएसचा (सुपर स्पोर्ट, शेव्हेलचा जास्त ताकदीचा प्रकार) बॅज आहे, मालक म्हणतो ओरिजिनल एसएस ३९६ आहे आणि किंमतही तशीच मागतोय. मला घेऊन रिस्टोमॉड करायचीये. खरी आहे का ते कसं कळणार?
(एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

बॅजवर अजिबात जाऊ नका, बॅज आजही नवे कोरे विकत मिळतात. १९६९ ते १९७१ या वर्षांत एसएस हे शेव्हेलचं वेगळं मॉडेलच नव्हतं, ते ऑप्शनचं पॅकेज होतं, त्यामुळे व्हीआयएनवरून, म्हणजे गाडीच्या ओळख नंबरावरून, एसएस आहे की नाही हे कळतच नाही. १९६६ ते ६८ च्या गाडीत नंबर १३८ ने सुरू झाला की एसएस समजायची, ६९ मध्ये ती सोय गेली. तरी नंबर वाचाच, समोरच्या काचेतून ड्रायव्हरच्या बाजूला डॅशबोर्डवर दिसतो. १३६ म्हणजे मालिबू (शेव्हेलचंच नेहमीचं मॉडेल) व्ही८, तेवढंच कळतं. पण १३५ दिसलं तर ती कारखान्यातून सहा सिलिंडरची निघालेली गाडी, मग मालक काहीही सांगू दे, चहा पिऊन परत या.

खरा पुरावा म्हणजे बिल्ड शीट. गाडी बनताना कामगारांसाठी छापलेला कागद असायचा, तो कधी पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर तर कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये अडकलेला सापडतो. माझ्या गाडीची टाकी उतरवली तेव्हा वर एक तपकिरी चिवट पापुद्रा चिकटलेला होता, मला वाटलं घाण आहे, ब्रशने घासणार इतक्यात त्यावर छापलेले आकडे दिसले. अर्धा कागद गंजात विरघळलेला होता पण ऑप्शनच्या ओळी वाचता आल्या आणि माझी साधी मालिबू आहे हे तेव्हाच पक्कं झालं. मला उलट हायसंच वाटलं, का ते पुढे सांगतो. टाकी उतरवून बघू देता का म्हणून मालकाला विचारा, त्याच्या चेहऱ्यावरूनही बरंच कळेल. शिवाय एसएसला पुढे डिस्क ब्रेक आणि मागे बारा बोल्टचं डिफरन्शियल यायचं, तेही बघा, पण ते दोन्ही नंतर बदलता येतं म्हणून एकट्या त्यावर विश्वास नको. इंजिन ब्लॉकवर गाडीच्या नंबरचा भाग ठोकलेला असतो, तो जुळतोय का बघा.

आणि आता माझं मत, थोडं कडक वाटेल. ती खरी निघाली आणि इंजिनही तिचंच असेल तर कृपा करून तिला कापू नका. तशी गाडी जशी होती तशी उभी करायची. रिस्टोमॉडसाठी साधी मालिबू शोधा, बाहेरून तोच पत्रा, तीच चासी, आणि नवीन इंजिनसाठी एखादा कंस कापताना मनाला लागत नाही. म्हणून हायसं वाटलं म्हटलं.

पेनसिल्व्हेनियाची गाडी म्हणजे रस्त्यावरच्या मिठात हिवाळे काढलेली, त्यामुळे गंज धरूनच चला. एक छोटं लोहचुंबक कपड्यात गुंडाळून न्या आणि मागच्या चाकांच्या वर, दारांच्या खाली फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मागच्या काचेची खालची कड आणि डिकीतला तळ बघा. छतावर व्हिनाइलचं आवरण असेल तर त्याखाली पाणी साचून पत्रा कुजतो, वरून काही दिसत नाही. आणि गाडीखाली झोपून मागच्या एक्सलच्या वरची चासी स्क्रूड्रायव्हरने टोचा, टोक आत गेलं तर सौदा तिथेच थांबवा. पॅनल नवीन मिळतात हो, पण ते जोडायला शाबूत चासी तर पाहिजे.

माझ्याकडे १९६७ ची कमॅरो आहे, ३२७ इंजिन आणि पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. एलएस३ क्रेट इंजिन ऑर्डर केलंय, ४३० हॉर्सपॉवर! इंजिन यायला वेळ आहे तोपर्यंत काय करू?
(एक वाचक, ऑस्टिन, टेक्सास)

अभिनंदन, इंजिन उत्तम निवडलंय, जनरल मोटर्सच्या एलएस मालिकेतलं, २००८ च्या कॉर्व्हेटमध्ये आलेलं ६.२ लिटरचं हेच ते. आता जरा ऐका. तुमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतील तर पहिलं काम ब्रेक. इंजिन खोक्यातून येतं, पॉवर विकत मिळते, पण गाडी थांबवणं, थंड ठेवणं आणि वायरिंग हे तुम्हालाच बसून करावं लागतं आणि रिस्टोमॉड अर्धवट पडून राहतात ते इथेच.

ब्रेक करताना एक चूक बऱ्याच जणांकडून होते, पुढे डिस्क लावतात आणि मास्टर सिलिंडर (पॅडलचा दाब ब्रेकच्या लाइनमध्ये पोचवणारा) जुनाच ठेवतात. ड्रमच्या सिस्टिममध्ये रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, पाय काढला तरी लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा, ड्रमला ते लागतं पण डिस्कला नाही, पॅड घासत राहतात आणि वीस मिनिटांत चाकातून जळका वास येतो. म्हणून मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये प्रेशर वाटणारा) एकमेकांना जुळणारे घ्या. ६७ च्या कमॅरोला मागे एकाच पट्टीची लीफ स्प्रिंग होती, जोरात रेस केलं की एक्सल थडथड उड्या मारतो, एवढ्या ताकदीला ती नाही झेपणार, तीही बदला. पुढची सबफ्रेम फक्त बोल्टने बॉडीला धरलेली असते, तिला मागच्या भागाशी जोडणारे कनेक्टर वेल्ड करून घ्या. पॉवरग्लाइडला दोनच गिअर, तो काढाच, ट्रेमेकचा पाच गिअरचा टीकेएक्स टनेल (गिअरबॉक्ससाठी गाडीच्या तळाला असलेला फुगवटा) फारसा न कापता बसतो.

आता पेट्रोल, इथे मी स्वतः आपटलोय. जुन्या इंजिनाचा पंप पाच-सहा पीएसआय प्रेशर द्यायचा, एलएसला ५८ लागतात, म्हणजे साधारण दहापट. मी वेळ वाचवायला जुनीच टाकी ठेवली आणि बाहेर इलेक्ट्रिक पंप लावला. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते ना इथे डेट्रॉइटजवळ, १९९५ पासून भरते, त्या दिवशी मी बायको-मुलीला घेऊन ऐटीत निघालो, टाकीत पाव पेट्रोल होतं, एका मोठ्या वळणावर इंजिन खोकलं आणि बंद. परत चालू, पुढच्या वळणावर परत बंद, मागे शेकडो गाड्यांची रांग आणि मुलगी विचारतेय बाबा आपण उतरायचं का. कारण साधं होतं, जुन्या टाकीत आडव्या पट्ट्या नाहीत, वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडा साठा असायचा म्हणून जुन्या इंजिनाला कळायचंही नाही, इंजेक्शनला लगेच कळतं. आतच पंप असलेली, बॅफल म्हणजे त्या आडव्या पट्ट्या असलेली नवी टाकी मिळते, ती घ्या, आणि पाइप इंजेक्शनच्या प्रेशरचेच वापरा. जुने रबरी पाइप तर आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने आतून फुगतात आणि फाटतात, ते ठेवूच नका.

वायरिंग जुनं ठेवायचा मोह होईल. डॅशबोर्डखाली हात घालून एक वायर बोटाने वाकवून बघा, वरचं आवरण खारी बिस्किटासारखं तुटून हातात येईल. पूर्ण नवीन हार्नेस टाका. रेडिएटरचे इलेक्ट्रिक पंखे, पंप, एसी या सगळ्यांना जुना ऑल्टरनेटर पुरत नाही, शंभर अँपिअरच्या वरचा बघा, आणि इंजिन ते बॉडी ते बॅटरी अर्थिंगची जाड वायर पत्र्यावरचा रंग खरवडून लावा. गाडी कधी चालू होते कधी नाही, कॉम्प्युटर वेडेवाकडे एरर दाखवतो, यातलं निम्मं दुखणं अर्थिंगचं असतं. आणि एलएसच्या हेडमधून वाफ निघायची एक बारीक नळी असते, ती रेडिएटरच्या वरच्या बाजूला जोडायला विसरू नका, बंद केली तर हवा अडकून इंजिन तापतं. टेक्सासच्या उन्हात तर बघायलाच नको.

आमच्याकडे १९६६ ची मस्टँग आहे, २८९ इंजिन, आधीच्या मालकाने छान ठेवलीये. मला फोर्डचं नवं कोयोटी ५.० इंजिन टाकायचंय, मिसेस म्हणते मुलांना त्या गाडीत बसवणार नाही. दोघांना पटेल असं काही सांगा.
(एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

वहिनींचं बरोबर आहे आणि मी त्यांच्याच बाजूने बोलणार. कोयोटी भारी इंजिन आहे, पण त्याला वर चार कॅमशाफ्ट, त्यामुळे ते प्रचंड रुंद आहे आणि ६६ च्या मस्टँगचं बॉनेट उघडलंत तर दोन्ही बाजूंनी शॉक टॉवर (सस्पेन्शनचे शॉक धरणारे पत्र्याचे उंचवटे) आत आलेले दिसतील. ते कापून पूर्ण पुढचं सस्पेन्शन बदलल्याशिवाय ते इंजिन आत जात नाही. चांगल्या ठेवलेल्या गाडीचा पुढचा भाग कापायचा, कशासाठी?

२८९ तसंच राहू द्या. तुमच्या गाडीला मास्टर सिलिंडर सिंगल असणार, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. अमेरिकन गाड्यांना डबल सर्किट सरसकट आलं ते १९६७ ला. डबल मास्टर सिलिंडर आणि पुढे डिस्क हे या महिन्यात करा, बाकी सगळं नंतर. मग पुढे-मागे तीन पॉइंटचे सीटबेल्ट, पण पत्र्याला नुसतं भोक पाडून नाही, मागून जाड प्लेट वेल्ड करून. त्यानंतर पाच गिअरचा गिअरबॉक्स आणि कार्ब्युरेटरच्या जागी बसणारं इंजेक्शन, सकाळी एका किल्लीत चालू होते आणि हायवेवर इंजिन ओरडत नाही. जुना कॅम असेल तर झिंक जास्त असलेलं ऑइल घाला, आजच्या साध्या ऑइलमध्ये ते कमी असतं आणि कॅमचे लोब झिजतात. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना तुमच्याकडे स्मॉग (धुराच्या प्रदूषणाची) टेस्ट नाही, ती काळजी नको.

एक गंमत म्हणून व्हीआयएनचं दुसरं अक्षर बघा. आर असेल तर गाडी फोर्डच्या सॅन होजे कारखान्यात बनलेली, आणि तो कारखाना म्हणजे आजचा मिलपिटासचा ग्रेट मॉल, जिथे तुम्ही मुलांना घेऊन कपडे घ्यायला जात असाल! मुलांना घेऊन एकदा त्याच मस्टँगमधून तिथे जा, बेल्ट लावून.

अमेरिकेत मस्टँग रिस्टोमॉड करून घ्यायची आणि पुण्याला आणायची, व्हिंटेज म्हणून रजिस्टर होईल का?
(एक वाचक, कोथरूड, पुणे)

नाही. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले, त्यात गाडी ५० वर्षांहून जुनी पाहिजे आणि चासी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल झालेला नको असं स्पष्ट आहे. व्हीए सीरिजचा नंबर मिळतो, पहिल्यांदा २०,००० रुपये फी, आणि तरीही रोज ऑफिसला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. एलएस किंवा कोयोटी टाकलेली गाडी त्यात बसत नाही. गाडीत बदल करण्याबद्दलच्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चीही आडकाठी आहेच. पैसे पाठवायच्या आधी आरटीओ आणि कस्टमच्या एजंटकडून लेखी घ्या, गाडी बंदरात अडकली की रोजचं भाडं चढत जातं. जुनी मस्टँग मनापासून हवीच असेल तर ओरिजिनल घ्या, ती पुण्यात बघायला मलाही आवडेल.

तुमच्या गाडीला एकूण किती वेळ लागला?
(एक वाचक, नाशिक)

साडेचार वर्षं, आणि त्यातलं जवळजवळ एक वर्ष मी स्वतः वाया घालवलं. पत्र्याचं काम संपल्यावर रंग द्यायची घाई झाली, एका पेंटवाल्याने सुंदर गडद निळा रंग मारून दिला, आणि मग एसीचे पाइप न्यायला इंजिनामागच्या त्या चकचकीत भिंतीला भोकं पाडायची वेळ आली. ड्रिल हातात घेऊन मी दहा मिनिटं नुसता उभा होतो. भोकं पडली, रंग उडाला, तो भाग परत खरवडून परत रंगवला, आणि नवा निळा जुन्या निळ्याशी जुळेना म्हणून पुढचे दोन्ही फेंडरही परत केले. आता जो कोणी विचारतो त्याला सांगतो, उघड्या पत्र्यावरच पूर्ण गाडी जोडा, इंजिन, एसी, एग्झॉस्ट, सीट, काचा सगळं, चारपाचशे मैल चालवा, काय घासतंय काय गळतंय ते बघा, मग सगळं सोडवा आणि तेव्हा रंग द्या.

पुढच्या पत्रात कृपया गाडीचं वर्ष, व्हीआयएनचे पहिले पाच आकडे आणि गाडी कुठल्या राज्यात राहिलीये एवढं नक्की लिहा, म्हणजे गंजाबद्दल आणि इंजिनाबद्दल मोघम न बोलता नेमकं सांगता येईल.