फुकटचा सल्ला किती द्यायचा?

प्रश्न: मी सांगलीत लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरून देते. जुलै आला की नातेवाईक फॉर्म १६ चा (पगार न् त्यातून कापलेल्या टॅक्सचा दाखला) अर्धवट फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात, 'ताई जरा बघ की, रिफंड किती येतोय?' पैसे कसे मागू?

उत्तर: मागाच ओ! रिटर्न भरायला उशीर झाला तर ५,००० रुपयांपर्यंत लेट फी लागते, एवढं खुशाल फुकट सांगा. पण रिफंडचा आकडा फोटोवरून सांगूच नका, २६एएस न् एआयएस (टॅक्स खात्याकडची कमाईची न् कापलेल्या टॅक्सची नोंद) बघितल्याशिवाय एफडीचं व्याज, दुसरीकडं कापलेला टीडीएस काय कळतच नाही आणि उद्या नोटीस आली की नाव तुमचंच घेणार. सरळ म्हणा, 'काका, सगळे कागद घेऊन ऑफिसात या, फी एवढी आहे.' आईवडलांचं करा की फुकट, ते वेगळं. आणि फी आधीच सांगा, काम झाल्यावर विषय काढला की तोंडं वाकडी होतात.