वडिलांच्या गुडघेदुखीच्या गोळीऐवजी गुपचूप व्हिटॅमिनची गोळी दिली आणि त्यांना बरं वाटलं, तर दुखणं मनाचंच होतं असं समजायचं का?

नाही. आणि हा प्रयोग घरात करूच नका. आमच्याकडे झालाय.

सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. पर्वतीच्या 103 पायऱ्या एका दमात चढणारी माझी आई जिना उतरताना कठडा धरून पायरी-पायरीवर थांबायला लागली होती. तिची गोळ्यांची डबी दादा भरायचा. रोजच्या पेनकिलरने किडनी खराब होईल ही त्याची भीती रास्त होती, पण त्याने न सांगता कॅल्शियमच्या गोळ्या भरल्या. आठवड्याभरात आई चालत तुळशीबागेत जाऊन आली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सगळ्यांसमोर डबी उघडून दादा म्हणाला, "बघ, दुखतच नव्हतं तुला." मामा-मामी हसले. आई गप्प बसली आणि पुढे दोन वर्षं गप्पच राहिली. रात्री दार लावून बाम चोळायची. शेवटी एक्स-रे काढला, तर दोन्ही गुडघ्यांची गादी जवळजवळ झिजलेली.

1978 साली कॅलिफोर्नियात अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं होतं. ज्यांना त्याने आराम पडला, त्यांना नंतर नॅलोक्झोन दिल्यावर दुखणं पुन्हा वाढलं. नॅलोक्झोन मॉर्फिनचा परिणाम रोखतं. म्हणजे आराम पडेल या भरवशावर त्यांच्या मेंदूनेच मॉर्फिनसारखी द्रव्यं सोडली होती. नसलेल्या दुखण्यावर शरीर औषध कशाला तयार करेल? 2002 सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासात गुडघ्यांची झीज झालेले 180 रुग्ण होते. काहींना नुसते छेद देऊन टाके घातले, बाकीच्यांचा गुडघा दुर्बिणीतून खरोखर साफ केला. दोन वर्षांनीही दोघांच्या दुखण्यात फरक नव्हता. झीज मात्र सगळ्यांचीच खरी होती. दादाला हे मी दहादा सांगितलंय.

अर्थात बरं वाटलं म्हणजे आजार हटला असंही नाही. 2011 च्या दम्याच्या अभ्यासात खोट्या इन्हेलरनेही रुग्णांना खऱ्याइतकंच बरं वाटलं, पण फुप्फुसांची ताकद खऱ्या औषधानेच नीट वाढली. त्यामुळे दमा, बीपी, शुगरच्या गोळ्यांना हातही लावू नका.

पेनकिलर कमी करायचीच असेल तर वडिलांना बरोबर घेऊन डॉक्टरांना विचारा. 2010 साली पोटाच्या रुग्णांना "या गोळीत औषध नाही" असं स्पष्ट सांगून ती दिली, तरी गोळी न घेणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त आराम पडला. दादाही आईला सांगू शकला असता. ती ऐकणारी बाई आहे.