ठसा खरा, रंग कोणाचा?

प्रश्न : जुन्या मेकॅनोची, म्हणजे भोकांच्या धातूच्या पट्ट्या नटबोल्टांनी जोडून वस्तू बनवण्याच्या खेळण्याची, एक पेटी घेतली आहे. लाल-हिरव्या पट्ट्या, पितळी चाकं आणि डबाभर नटबोल्ट. विकणाऱ्यानं सगळं १९३० च्या आसपासचं म्हणून दिलं. पट्ट्यांवर 'मेकॅनो, मेड इन इंग्लंड' असा ठसाही आहे, पण रंग फारच कोरा वाटतो. ठसा आहे म्हणजे माल अस्सल ना? आणि नंतरचा रंग निघाला तर खरवडून काढू का?

उत्तर : ठसा पत्र्याची हमी देतो, रंगाची नाही. मीही एकदा ठशालाच भुललो होतो. घरी आल्यावर पट्टी दिव्याखाली तिरकी धरली, तर नव्या रंगाखाली प्रत्येक भोकाभोवती गोल वळ उमटलेले. बोल्टच्या डोक्यांनी कधीकाळी रंग घासून नेला होता आणि वर कुणीतरी मजेत फवारा मारला होता. तुम्हीही आधी हे वळ शोधा. मग भिंगातून ठसा पाहा. जाड रंग चढवला असेल, तर अक्षरांच्या कडा बुजलेल्या दिसतात.

आता १९३० चं. लाल-हिरवा रंग १९२६ मध्ये आला, १९३४ मध्ये निळा-सोनेरी आला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर लाल-हिरवा परतला. तेव्हा तुमची पट्टी १९५० ची असली, तरी ती लाल-हिरवीच असणार. नुसत्या रंगावरून तारीख सांगणाऱ्याला हे माहीत नसतं, किंवा चांगलंच माहीत असतं! पिवळा-काळा १९६४ चा, त्यामुळे तो निदान या घोळात येत नाही. मोजपट्टी घेऊन भोकांमधलं अंतर मोजत बसू नका. मेकॅनोचे जनक फ्रँक हॉर्नबीसाहेबांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलं तेव्हापासून ते अर्धा इंचच आहे.

खरी मजा नटबोल्टांत आहे. मेकॅनोचा लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. तिथला बोल्ट ५/३२ इंची, व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचा, इंचाला ३२ आटे. पुढे मेट्रिक एम-४, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीचे, बोल्ट आले. जाडीत फरक जेमतेम ०.०३ मिलिमीटरचा, डोळ्यांना कळणारच नाही. पण आट्यांमधलं अंतर जुन्यात सुमारे ०.७९ मिलिमीटर, नव्यात ०.७. म्हणून जुना म्हणून खात्री असलेला एक नट डब्यातल्या प्रत्येक बोल्टवर बोटांनीच फिरवून पाहा. नव्या बोल्टवर तो सुरुवातीला जातो, मग बहुधा अडखळतो. अडला की थांबा. पाना लावून रेटलात, तर आटे जातील आणि दोन्ही भंगारात.

रंग मात्र खरवडू नका. खाली जुना रंग शिल्लक असला, तर तोही त्याच झटक्यात जाईल. पट्ट्या तशाच ठेवा आणि पुढे कुणाला दिल्यात, तर 'पुन्हा रंगवलेल्या' असं सांगूनच द्या.